दोन म्युझिक प्लेअरच्या आवाजात खरंच फरक आहे का, हे घरी कसं तपासायचं

फोनमधला हेडफोनचा जॅक गेला तेव्हापासून हा विषय परत पेटलाय. कोणी कपाटातला जुना आयपॉड बाहेर काढतो, कोणी फोनच्या टाइप सीला हेडफोन जोडायचा छोटा डोंगल घेतो, कोणी फिओ नाहीतर हायबीचा प्लेअर मागवतो, आणि मग "अरे याचा आवाज काय खुला आहे बघ" वगैरे सुरू होतं. असेलही खुला, नाही म्हणत नाही. पण आधी ते एक बटण बघा, व्हॉल्यूमचं. दोन्ही प्लेअर सारख्याच जोरात वाजत नसतील तर पुढची सगळी चर्चा वांझोटी आहे, कारण अर्धा डेसिबल जास्त वाजणारा प्लेअर कानाला "मोठा" वाटतच नाही, तो "क्लिअर" वाटतो, "बेस भारी" वाटतो, "गायक समोर बसलाय" असं वाटतं. दुकानदारांना हे चांगलं माहिती असतं, महागडा पीस दाखवताना व्हॉल्यूम हळूच वर जातो.

तर नीट करायचं असेल तर कसं करायचं ते सांगतो. थोडी खटपट आहे पण एक रविवार सकाळ पुरते, आणि खर्च म्हणाल तर एक स्प्लिटर (एका जॅकचे दोन करणारा), एक टाकाऊ ऑक्स केबल आणि बरा मल्टिमीटर.

सगळ्यात आधी ब्लूटूथ बाजूला ठेवा. ब्लूटूथवर ऐकताना डिजिटलचं ॲनालॉग करायचं काम तुमच्या हेडफोनच्या आत होतं, प्लेअर फक्त डेटा पाठवतो, त्यामुळे तिथे प्लेअरच्या आवाजाची तुलना होत नाही, झाली तर कोडेकची (म्हणजे आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीची) होते, एसबीसी विरुद्ध एलडॅक अशी, आणि तो वेगळा विषय आहे. आपल्याला वायरवालाच इअरफोन हवा, आणि तो सगळ्या प्लेअरना एकच. नवीन आणायची गरज नाही, उलट रोजचा वापरातलाच घ्या, कारण प्लेअर कसा वाजणार हे बरंचसं त्याला कोणता इअरफोन लावलाय त्यावर ठरतं, ते पुढे येईलच.

कानात घालायचा इअरफोन असेल तर एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, प्लेअर बदलताना इअरफोन कानातून काढायचा नाही. फक्त पिन काढायची आणि दुसऱ्यात लावायची. रबरी टिप कानात जरा तिरकी बसली तरी बेस एकदम पडतो, तो फरक प्लेअरमधल्या, डिजिटलचं ॲनालॉग करणाऱ्या कुठल्याही दोन चिपमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. लोक दर वेळी इअरफोन काढतात, घालतात, आणि मग "याचा बेस कमी आहे" म्हणतात.

गाण्याची फाइल पण एकच हवी, म्हणजे तीच फाइल कॉपी करून दोन्हीकडे टाकलेली. एकीकडे स्ट्रीमिंग आणि दुसरीकडे स्वतःच्या सीडीवरून काढलेली फाइल असं नको, स्ट्रीमिंगवर बऱ्याचदा नवीन रिमास्टर असतो, शिवाय ॲप स्वतःच्या हिशोबाने गाण्यांचे आवाज वरखाली करून सारखे करतं. साधी १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल घ्या, ती जवळपास सगळीकडे वाजते (आयपॉडला फ्लॅक प्रकारची फाइल चालत नाही, रॉकबॉक्स नावाचं बाहेरचं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर गोष्ट वेगळी). हाय-रेझच्या भानगडीत इथे पडू नका. २४ बिटची फाइल १६ बिटपेक्षा चांगली वाजते का हा प्रश्न फाइलचा आहे, प्लेअरचा नाही, आणि दोन प्रश्न एकत्र तपासले की एकाचंही उत्तर मिळत नाही.

मग सेटिंगमध्ये जाऊन सगळं बंद करा. इक्वलायझर, डॉल्बी, बेस बूस्ट, सराउंड, साउंड चेक आणि रिप्लेगेन (गाण्यांचे आवाज सारखे करणाऱ्या सोयी), आवाज मर्यादित ठेवणारी जी काय सोय असेल ती. फोनमध्ये हे दोन ठिकाणी असतं, एक ॲपच्या आत आणि एक फोनच्या साउंड सेटिंगमध्ये, दुसरं लोक विसरतात. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ४४.१ चं गाणं आतल्या आत ४८ किलोहर्ट्झला बदलून बाहेर पडतं, हे काही बंद करता येत नाही, यूएसबीला थेट पाठवणारं ॲप वापरलं तरच टळतं. कानाला त्याने फारसं काही होत नाही, पण माहिती असू द्या. आणि ॲपलचा छोटा डोंगल अँड्रॉइडला लावला की बऱ्याच फोनवर त्याचा आवाज अर्ध्यातच अडकतो, त्यामुळे तो "दमच नाही" म्हणून बदनाम झालाय, आयफोनला लावा, तोच डोंगल नीट वाजतो.

आता मुख्य काम, व्हॉल्यूम जुळवणं. कानाने जुळत नाही, प्रयत्न करू नका.

कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी उघडा, फुकट आहे, त्यात ४०० हर्ट्झचा साइन टोन तयार करा, मिनिटभराचा, ॲम्प्लिट्यूड तिथे ०.८ दिलेला असतो तो तसाच ठेवा. ४०० च का, तर साधे मल्टिमीटर एसीच्या बाबतीत ५० हर्ट्झच्या लाइटसाठी बनवलेले असतात, ४०० च्या वर त्यांचं रीडिंग भरवशाचं राहत नाही. मल्टिमीटर घेताना पण बघून घ्या, तो पिवळा सगळ्यात स्वस्त मिळतो ना ८३० नंबरवाला, त्याला एसीच्या फक्त २०० आणि ७५० व्होल्टच्या रेंज असतात, आपल्याला मिलिव्होल्ट मोजायचेत, तिथे तो नुसता शून्य दाखवत बसेल. एसीला २ व्होल्टची किंवा मिलिव्होल्टची रेंज असलेला हवा. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारलंत तर मीटर, स्प्लिटर, रेझिस्टर सगळं एका फेरीत होऊन जातं.

प्लेअरला स्प्लिटर लावा. स्प्लिटरच्या एका बाजूला तुमचा इअरफोन, दुसऱ्या बाजूला ऑक्स केबलची पिन, तिचं दुसरं टोक कापून वायरी मोकळ्या केलेल्या. पिनचं टोक म्हणजे डावा चॅनल, मधली कडी उजवा, आणि बुडाकडचा भाग ग्राउंड, कुठली वायर कुठे जाते ते मल्टिमीटरच्या बझरने शोधा. बारीक केबलमधल्या वायरींवर रंगीत लाखेचं कोटिंग असतं, ते ब्लेडने खरवडल्याशिवाय किंवा सोल्डरिंग गनने जाळल्याशिवाय बझर वाजतच नाही आणि माणूस समजतो की केबल तुटलीय. मोजताना इअरफोन जोडलेला असलाच पाहिजे, कारण भार असताना आणि नसताना व्होल्टेज वेगळं येतं. पण कानात नको! हा टोन जवळपास फुल लेव्हलचा आहे, कानाचं काही खरं नाही.

आता पहिल्या प्लेअरवर तुम्ही एरवी जरा मोठ्याने ऐकता तेवढा व्हॉल्यूम ठेवून टोन लावा आणि रीडिंग लिहून घ्या, मग दुसऱ्यावर जुळवा. मीटर १ मिलिव्होल्टपर्यंतच दाखवत असेल तर रीडिंग १०० च्या वर असू द्या, नाहीतर शेवटच्या आकड्यातच घोळ होतो. समजा एकावर २१२ मिलिव्होल्ट आले आणि दुसऱ्यावर जवळात जवळ २०० च येतात. एवढ्याशा आकड्यात काय असतं असं वाटेल, पण तो अर्धा डेसिबल आहे. आपल्याला ०.१ डेसिबलच्या आत यायचंय, म्हणजे साधारण १ टक्का. बटणाने हे होणारच नाही, बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये व्हॉल्यूमच्या पायऱ्याच १५ असतात, एकेक पायरी दोन-तीन डेसिबलची. म्हणून फाइललाच हात लावायचा. जो प्लेअर जास्त वाजतोय त्याच्यासाठी गाण्याची वेगळी कॉपी करायची आणि ऑडॅसिटीत तिचा आवाज उणे ०.५ डेसिबल करायचा. टोनची पण तशीच कॉपी करून परत मोजा, डावा उजवा दोन्ही. जुळलं? मग आता कोणी बटणाला हात लावायचा नाही.

मल्टिमीटर नसेलच तर इअरफोन लॅपटॉपच्या माइकवर चिकटपट्टीने घट्ट बसवून टोन रेकॉर्ड करून लेव्हल बघता येते. चालून जातं, फक्त इअरफोन दोन रेकॉर्डिंगच्या मध्ये केसभरही हलता कामा नये.

ऐकायला गाणं अख्खं लावू नका. १०-१५ सेकंदांचा तुकडा, तोच परत परत. आवाजाचा बारीकसारीक पोत डोक्यात काही सेकंदच टिकतो, पाच मिनिटांचं गाणं एकावर ऐकून मग दुसऱ्यावर ऐकलं तर तुम्ही आठवणीशी तुलना करताय. तुकडे कुठले निवडायचे हे ज्याचं त्याने ठरवावं, मला स्वतःला तानपुऱ्याचा तुकडा फार उपयोगी वाटतो, जवारी नीट लागलेली असली की वरच्या पट्टीत स्वरांचा जो झगमगाट असतो त्यात कुठे काही कमी जास्त झालं तर पटकन कळतं. बेससाठी बायाँची मींड, म्हणजे तबलजी मनगट दाबून आवाज घुमवतो ती, ड्रमच्या धपधपीपेक्षा जास्त सांगून जाते. भजनातले टाळ आणि चिपळ्या वरच्या टोकासाठी. आणि एखादी जुनी मैफल जिच्यात आलाप आणि जोड असे दोन ट्रॅक केलेत पण वाजणं सलग आहे, ती लावली की ट्रॅक बदलताना प्लेअर मध्ये खड्डा पाडतो का ते लगेच समजतं. हा खड्डा आवाजाच्या क्वालिटीत मोजायचा की नाही यावर वाद घाला, मला तरी शास्त्रीय ऐकताना तो सगळ्यात जास्त खटकतो.

आता कोण वाजतंय हे तुम्हाला माहिती असता कामा नये. घरातल्या कोणाला तरी पकडा, चहाची लाच द्या. तुम्ही पाठ करून बसायचं, इअरफोन कानात, वायर मागे. त्याने नाणं उडवायचं, छापा आला तर पहिला प्लेअर, काटा आला तर दुसरा, आणि कागदावर लिहीत जायचं. तुम्ही फक्त "पहिला" नाहीतर "दुसरा" सांगायचं. मध्ये त्याने बोलायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. आणि पिन दर वेळी काढून परत लावायची, प्लेअर तोच राहिला तरी, नाहीतर खटखट आवाजावरूनच तुम्हाला कळेल की बदललं की नाही. काही प्लेअर पिन लावल्यावर टक् असा आवाज करतात, त्यामुळे पिन बसल्यावर गाणं सुरू झालं की मगच इअरफोन... नको, काढायचा नाही म्हटलंय ना, तर आधी दुसऱ्या कशाची तरी, जुन्या इअरफोनची वगैरे, पिन लावून टक् होऊ द्यायचं आणि मग ती काढून तुमची लावायची, काहींच्या बाबतीत एवढ्याने भागतं. नाही भागलं तर दोन इनपुट एक आउटपुटवाला स्विचचा छोटा डबा मिळतो तो घ्या, सगळी कटकट मिटते.

१० वेळा करा. १० पैकी ७ बरोबर आले म्हणून उड्या मारू नका, नुसतं ठोकून दिलं तरी ७ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता १७ टक्के असते. ९ किंवा १० आले तर मात्र तुम्हाला खरंच फरक ऐकू येतोय, कारण ते नशिबाने व्हायची शक्यता १ टक्क्याच्या आसपास आहे. आणि नाही आले तर चिडू नका, बऱ्याच जणांचं तसंच होतं. व्हॉल्यूम नीट जुळवला, इअरफोन साधा, प्लेअर दोन्ही बरे असले तर फरक गायबच होतो बहुतेक वेळा.

गायब होत नाही तेव्हा कारण बहुतेक या तिनांपैकी एक निघतं.

एक म्हणजे हिस, ती सूं अशी बारीक सरसर. रात्री पंखा बंद करून ऐका. एकदम शांत फाइल लावली तर काही प्लेअर हुशारी करून आउटपुटच बंद करतात, म्हणून गाणं शेवटी विरत जातं तो भाग लावा. जास्त सेन्सिटिव्ह इअरफोनला, म्हणजे जे एवढ्याशा व्हॉल्यूमला पण खूप वाजतात त्यांना, हे जास्त जाणवतं. मोठ्या हेडफोनला तोच प्लेअर एकदम शांत वाटेल.

दुसरं कारण, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, आउटपुट इम्पीडन्स. इम्पीडन्स म्हणजे करंटला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात. जाहिरातीत याचा आकडा क्वचितच सापडतो. प्लेअरच्या आत जणू एक रेझिस्टर तुमच्या इअरफोनच्या सिरीजमध्ये बसलेला असतो. इअरफोनचा स्वतःचा इम्पीडन्स खालच्या-वरच्या सगळ्या पट्ट्यांत सारखा असेल तर फक्त आवाज थोडा कमी होईल, बाकी काही नाही. पण आत दोन-तीन बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर (आवाज काढणारे चिमुकले भाग) असलेले इअरफोन एका पट्टीत ८ ओहम आणि दुसऱ्या पट्टीत ४० ओहम असे वागतात. प्लेअरचा आउटपुट इम्पीडन्स १ ओहम असेल तर या दोन पट्ट्यांमध्ये फरक पडतो ०.८ डेसिबलचा. तोच १० ओहम असला तर ५ डेसिबल! म्हणजे आपोआप इक्वलायझर लागला. मग कोणी म्हणतं याचा आवाज "वॉर्म" आहे, कोणी म्हणतं "तिखट" आहे, आणि दोघंही खरं बोलत असतात, फक्त दुसरा इअरफोन लावला की ते सगळं बदलतं. इअरफोनच्या इम्पीडन्सच्या एक अष्टमांशापेक्षा प्लेअरचा कमी असावा असा एक ढोबळ नियम आहे, तो धरून चाला.

मोजायचं कसं, तर आता सामान हाताशी आहेच. इअरफोन काढून टाका, तोच ४०० हर्ट्झचा टोन, काहीही न लावता व्होल्टेज मोजा. मग चॅनल आणि ग्राउंडच्या मध्ये ३३ ओहमचा रेझिस्टर लावून परत मोजा. समजा आधी ३०० मिलिव्होल्ट आले आणि नंतर २७५. फरक २५, त्याला २७५ ने भागा आणि ३३ ने गुणा, आलं ३ ओहम. झालं. व्हॉल्यूम मध्यम ठेवा म्हणजे झालं.

जुन्या प्लेअरमध्ये आणखी एक भानगड सापडते. आउटपुटला कपॅसिटर असायचा, आणि तो कपॅसिटर आणि तुमचा इअरफोन मिळून खालचे सूर कापतात. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १६ ओहमचा इअरफोन असेल तर १०० हर्ट्झपासूनच बेस उतरायला लागतो, ३२ ओहमला तेच ५० हर्ट्झपर्यंत खाली येतं. म्हणून एकाच जुन्या प्लेअरबद्दल एक जण बेस नाही म्हणतो आणि दुसरा भरपूर आहे म्हणतो.

तिसरं कारण दम. १ व्होल्ट देणारा डोंगल ३२ ओहमच्या हेडफोनला ३१ मिलिवॉट देतो, खूप झाले, पण ३०० ओहमच्या स्टुडिओ हेडफोनला फक्त ३.३. तिथे व्हॉल्यूम फुल करूनही पुरत नसेल, किंवा जोरकस जागी आवाज फाटत असेल, तर तो फरक खरा आहे आणि मोठा प्लेअर घेण्यात अर्थ आहे.

घरात कोणी चहाला पण बधत नसेल तर एकट्याने करायची पण युक्ती आहे, आणि खरं सांगायचं तर ती जास्त पक्की आहे. ऑडिओ इंटरफेस (बाहेरचा आवाज कॉम्प्युटरमध्ये रेकॉर्ड करायचा डबा) असेल कोणाकडे तर तो मागून आणा, प्लेअरला स्प्लिटर लावून एकीकडे इअरफोन आणि दुसरीकडे इंटरफेसची लाइन इन जोडा, दोन्ही प्लेअरवरून तोच तुकडा रेकॉर्ड करा, ऑडॅसिटीत सुरुवात आणि लेव्हल जुळवा. मग फूबार २००० या कॉम्प्युटरवरच्या म्युझिक प्लेअरमध्ये एबीएक्स नावाचा कम्पोनंट टाकून त्या दोन फाइल आंधळ्या ऐका, नाणं उडवायचं काम तो करतो, गुण पण तोच मोजतो. इअरफोन जोडलेला ठेवायचा कारण तोच, भार असल्याशिवाय वरची सगळी रड रेकॉर्डिंगमध्ये येतच नाही. फक्त हिसचा निकाल यावर लावू नका, इंटरफेसची स्वतःची हिस त्यात मिसळते.

चिपच्या नावावरून मात्र काही ठरवू नका. २००५ च्या आयपॉडमध्ये वुल्फसनची चिप होती, २००७ च्या क्लासिकपासून सिरस लॉजिकची आली, आणि तेव्हापासून "वुल्फसनवाला" म्हणून जुना आयपॉड जास्त भावाने विकला जातो. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जपानला नोबेओकात अशाच चिप बनवणाऱ्या एकेएमच्या फॅक्टरीला आग लागली, चिप मिळेनाशा झाल्या, तर फिओने काही मॉडेल ईएसएस या दुसऱ्या कंपनीची चिप घालून परत आणली. त्याच्यावर पण दोन तट पडले. ज्यांना खरंच फरक ऐकू येतो त्यांनी वरचं नाण्याचं प्रकरण करून दाखवावं, माझी काही हरकत नाही.

सेकंडहँड आयपॉड बघायला गेलात (नवीन मिळत नाहीत, ॲपलने मे २०२२ मध्ये बंद केले) तर एवढं सगळं तिथे उभ्या उभ्या होणार नाही. स्वतःचा इअरफोन न्या, पिन लावून बोटाने हळूच गोल फिरवा, खरखर झाली किंवा एक कान गेला तर जॅक ढिला आहे. मोनो रेकॉर्डिंग लावून आवाज बरोब्बर मधोमध येतो का बघा, बारीक व्हॉल्यूमलाही. शांत जागी हिस ऐका, हार्ड डिस्कवाला असेल तर गाणं बदलताना डिस्कची कुरकुर इअरफोनमध्ये येते का तेही ऐका. बॅटरी अर्ध्या तासात किती उतरते ते तिथेच बसून बघितलंत तर बरं, विकणारा चहा पाजतो तेवढ्यात.